४२९४९६७२९७ या संख्येविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली घातांक ^ या चिन्हानं लिहिले आहेत: २^५ म्हणजे २ चा पाचवा घात, म्हणजे ३२. बाकी सगळं शाळेतलं गणित आहे. दोन-तीन ठिकाणी थोडं थांबून वाचावं लागेल. ती ठिकाणं आली की सांगतो.

ही संख्या वाचायची कशी, आणि तिच्यात विशेष काय?

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ती २^३२ + १ इतकी आहे.

दहा अंकी संख्या एकूण नऊ अब्ज आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. हिच्याबद्दल मात्र ९२ वर्षं एक चुकीची समजूत टिकून होती, आणि ती होती पिएर द फर्माची, संख्यांच्या अभ्यासातल्या त्या काळच्या सर्वांत तल्लख माणसाची. शिवाय एवढी मोठी असूनही ही संख्या कागद-पेन्सिलीनं पूर्णपणे उलगडता येते. दहा अंकी संख्येच्या बाबतीत हे सहसा जमत नाही.

२^३२ + १ हेच रूप का? २^३० + १ किंवा २^३३ + १ का नाही?

२ च्या घातात १ मिळवून मूळ संख्या हवी असेल, तर घातांकाला १ शिवाय दुसरा विषम विभाजक असून चालत नाही. २^६ + १ = ६५ घ्या. ६ मध्ये ३ दडलेला आहे, म्हणून २^६ म्हणजे ४^३. आणि कोणत्याही संख्येच्या घनात १ मिळवला, की त्या बेरजेला मूळच्या संख्येहून एकानं मोठ्या संख्येनं भाग जातो. इथं ५ नं: ६५ = ५ × १३. तसंच २^१२ + १ = १६^३ + १ = ४०९७, म्हणून १७ नं भाग: १७ × २४१. ३० आणि ३३ या दोन्हींत ३ आहे, त्यामुळे ते उमेदवार पहिल्याच फेरीत बाद होतात.

उरतात ते घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असे, म्हणजे स्वतःच २ चे घात. त्यांपासून बनतात त्या फर्मा संख्या:

फ(०) = ३
फ(१) = ५
फ(२) = १७
फ(३) = २५७
फ(४) = ६५,५३७
फ(५) = ४,२९,४९,६७,२९७

मोजणी शून्यापासून असल्यामुळे आपली संख्या यादीत सहावी असली तरी तिला फ(५) म्हणतात. पुढंही तेच नाव वापरलं आहे.

फर्माचं नेमकं म्हणणं काय होतं?

पिएर द फर्मा फ्रान्समधल्या तुलूजच्या न्यायालयात काम करायचा. गणित हा त्याचा फावल्या वेळातला उद्योग. १६४० मधल्या पत्रांत त्यानं लिहिलं, की या रूपाच्या सगळ्या संख्या मूळ असाव्यात. पूर्ण सिद्धता हाती नाही, हेही त्यानं मान्य केलं होतं. तरी खात्री इतकी होती, की १६५४ मध्ये त्यानं पास्कालला पत्रातून हा प्रश्न सोडवण्याचं आवाहन केलं.

फ(०) ते फ(४) या पाचही संख्या खरोखरच मूळ आहेत. पाच उदाहरणं सलग बरोबर आली की सहाव्याबद्दल शंका घ्यावीशी वाटत नाही, हे समजण्यासारखं आहे.

मग फ(५) मूळ आहे का?

नाही.

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

दोन्ही अवयव मूळ आहेत, त्यामुळे याहून पुढं ती फुटत नाही. १ डिसेंबर १७२९ च्या पत्रात गोल्डबाख या गणितज्ञानं तरुण गणितज्ञ ऑयलरला विचारलं, की फर्माचं हे विधान तुला ठाऊक आहे का. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये होता, वय २२. सुरुवातीला त्यानं फारसा रस दाखवला नाही. मग दाखवला आणि १७३२ मध्ये ६४१ हा अवयव काढून दिला.

ऑयलरनं ६४१ कसं शोधलं? सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं का?

नाही, आणि या पानावरचा सर्वांत वाचण्यासारखा भाग हाच आहे. इथं थांबून वाचा.

समजा फ(५) ला ‘म’ या मूळ संख्येनं भाग जातो. १ पासून सुरुवात करून दुप्पट करत जा आणि प्रत्येक वेळी म नं भागून बाकी लिहा. फ(५) = २^३२ + १ ला म नं भाग जात असल्यामुळे ३२ वेळा दुप्पट केल्यावर बाकी येते म − १, म्हणजेच −१. आणखी ३२ वेळा दुप्पट केलं की तिचा वर्ग होतो, म्हणजे १. तर ६४ पावलांनी आपण पुन्हा १ वर पोचलो. पण ३२ पावलांनी पोचलो नव्हतो. बाक्यांचं चक्र ठरावीक लांबीनं फिरतं. ती लांबी ६४ ला भागते पण ३२ ला भागत नाही, म्हणजे ती ६४ च असली पाहिजे.

आता फर्माचा स्वतःचा छोटा सिद्धांत: म मूळ आणि विषम असेल, तर म − १ पावलांनंतर बाकी नेहमी १ येते. म्हणून म − १ मध्ये ६४ चं चक्र पूर्ण वेळा बसलं पाहिजे. थोडक्यात, म ला ६४ नं भागल्यावर बाकी १ यायलाच हवी.

एवढं कळल्यावर उमेदवार किती उरतात ते पाहा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१… यांतल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. फ(५) ला त्यांनी भागल्यावर बाक्या अनुक्रमे १०९, २, ३२५, २८८ आणि ०. पाचव्या भागाकारात काम फत्ते.

६४१ कुठून आला हे ऑयलरनं लगेच सांगितलं नव्हतं. हे कारण नंतरच्या एका लेखात आलं. १८७८ मध्ये एदुआर ल्युकानं ते आणखी घट्ट केलं. त्यानं दाखवलं, की फ(५) च्या मूळ अवयवांना ६४ च नव्हे, १२८ नं भागल्यावरही बाकी १ च येते. मग यादी उरते १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. त्यांत मूळ दोनच: २५७ आणि ६४१. आणि २५७ स्वतः फर्मा संख्या असल्यामुळे ती फ(५) ला भागूच शकत नाही (का, ते पुढं येतं). म्हणजे ल्युकाची अट माहीत असेल तर पहिल्याच भागाकारात उत्तर!

भागाकार न करता ६४१ नं भाग जातो हे दाखवता येईल का?

येईल, आणि चार ओळींत. ६४१ दोन वेगळ्या रूपांत लिहिता येतो:

६४१ = ५ × २^७ + १
६४१ = ५^४ + २^४

६४१ नं भागून फक्त बाक्यांकडे पाहा. पहिल्या ओळीवरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या ओळीवरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. म्हणजे −२^४ × २^२८ = −२^३२ ची बाकी १, तेव्हा २^३२ ची बाकी −१, आणि २^३२ + १ ची बाकी शून्य.

दहा अंकी संख्या एकदाही लिहावी लागली नाही. अर्थात ६४१ आधी सापडला म्हणूनच ही युक्ती सुचते. शोधण्यासाठी तिचा उपयोग नाही.

६७,००,४१७ मूळ आहे हे कशावरून?

ही शंका रास्त आहे, कारण पहिला अवयव सापडला की बरेच जण तिथंच थांबतात. ६७,००,४१७ चे मूळ अवयव म्हणजे फ(५) चेच मूळ अवयव, त्यामुळे १२८ ची अट त्यांनाही लागू. तिचं वर्गमूळ २,५८८ आणि २,५८९ यांच्या मध्ये येतं, म्हणून तिथपर्यंतच पाहायचं. १२८ नं भागून १ उरणाऱ्या मूळ संख्या तेवढ्यात पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या: १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणून संख्या मूळ. सात अंकी संख्येचा निकाल पाच भागाकारांत लागतो तो केवळ तिच्या घराण्यामुळे. एरवी २,५८८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागावं लागलं असतं.

फर्माला स्वतःला हे का दिसलं नाही?

ठाम उत्तर कुणाकडे नाही, पण परिस्थिती पाहा. ६४१ ही मूळ संख्यांच्या यादीत ११६ वी आहे. काहीही युक्ती न वापरता ३, ५, ७ असं आंधळेपणानं भागत गेलं, तरी ११५ भागाकार. चिकाटीच्या माणसाला हे अशक्य नव्हतं. आणि ज्या छोट्या सिद्धांतामुळे ११५ चे ५ होतात, तो त्याच्याच नावावर, त्याच १६४० सालचा. मला तरी सर्वांत साधं स्पष्टीकरण पटतं: कुठंतरी आकडेमोडीत हात चुकला असावा आणि विश्वास इतका होता की फेरतपासणी झाली नाही.

एकूण विभाजक किती? त्यांची बेरीज?

चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. चारांची बेरीज ४,३०,१६,६८,३५६. स्वतःला वगळलं तर ६७,०१,०५९, म्हणजे संख्येच्या पासंगालाही न पुरणारी. परिपूर्ण संख्या असण्यापासून ती फारच दूर आहे.

तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४०.

अंकांबद्दल काही?

अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ नं किंवा ९ नं भाग जात नाही. ९ नं भागल्यावर बाकी ५. फ(१) पासून पुढं ही बाकी ५, ८, ५, ८ अशी आलटून पालटून येते. फ(२) पासून एककस्थानी नेहमी ७ असतो, आणि शेवटचे दोन अंक १७, ५७, ३७, ९७ या क्रमानं फिरतात. फ(५) वर ९७. फ(६) वर पुन्हा १७.

द्विमान पद्धतीत ती कशी दिसते?

दोन टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्यं. एकूण ३३ अंक, उलटसुलट सारखेच. सोळाच्या पायावर लिहिली तर १०००००००१, म्हणजे दोन एक आणि मध्ये सात शून्यं. इतकी मोकळीढाकळी दिसणारी संख्या ६४१ नं फुटते, हे द्विमान रूप पाहून अजिबात जाणवत नाही.

तिच्याहून दोननं लहान संख्येचा बहुभुजांशी काय संबंध?

हाही थांबून वाचण्याचा भाग.

४,२९,४९,६७,२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७

म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार बरोबर फ(५) − २ येतो. कारण सरळ आहे: २^३२ − १ = (२^१६ − १)(२^१६ + १), मग पहिल्या कंसाचे पुन्हा तसेच दोन तुकडे, असं १ पर्यंत उतरत जायचं. हेच प्रत्येक फर्मा संख्येला लागू पडतं. आता आधीच्या एखाद्या फर्मा संख्येचा आणि फ(५) चा सामाईक विभाजक असेल, तर तो या गुणाकारालाही भागेल, आणि म्हणून गुणाकार आणि फ(५) यांच्यातल्या २ च्या फरकालाही भागेल; पण सगळ्या विषम, म्हणून सामाईक विभाजक १ च. वर २५७ ला यादीतून काढलं ते यामुळे. गोल्डबाखनं यातूनच मूळ संख्या अनंत असल्याची सिद्धता काढली: प्रत्येक फर्मा संख्या किमान एक नवा मूळ अवयव घेऊन येते आणि फर्मा संख्या संपत नाहीत.

आता बहुभुज. १७९६ मध्ये गाऊसनं दाखवलं, की फक्त पट्टी आणि कंपास वापरून १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. त्यानं नंतर दिलेला नियम असा: बाजूंची संख्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असेल (हवं तितक्यांदा २ नं गुणलेला चालेल, आणि नुसता २ चा घातही), तर बहुभुज काढता येतो. याशिवाय दुसरा कोणताही चालत नाही, हे वाँत्सेलनं १८३७ मध्ये सिद्ध केलं. फर्मा मूळ संख्या माहीत आहेत त्या पाचच. त्यांच्यापासून विषम गुणाकार बनतात ३१, आणि त्यांतला सर्वांत मोठा आहे ४,२९,४९,६७,२९५.

तेव्हा तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज तत्त्वतः पट्टी-कंपासनं काढता येतो. ४,२९,४९,६७,२९६ बाजूंचाही येतो, कारण तो २ चा घात. आणि ४,२९,४९,६७,२९७ चा येत नाही, कारण ६४१ ही फर्मा संख्या नाही. या तिघांतला फरक कुणाच्या डोळ्यांना दिसणार नाही, पण गणिताच्या दृष्टीनं तो पक्का आहे.

ती दोन वर्गांची बेरीज आहे का?

आहे, आणि दोन प्रकारे:

४,२९,४९,६७,२९७ = ६५,५३६² + १²
४,२९,४९,६७,२९७ = ६२,२६४² + २०,४४९²

पहिली तर व्याख्येतच आहे. दुसरी कुठून आली? दोन्ही मूळ अवयव ४ नं भागल्यावर १ उरणारे आहेत, आणि अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते:

६४१ = २५² + ४²
६७,००,४१७ = २,५५६² + ४०९²

आता यांचे तिरके-सरळ गुणाकार करा. २५ × २,५५६ = ६३,९००. ४ × ४०९ = १,६३६. २५ × ४०९ = १०,२२५. ४ × २,५५६ = १०,२२४. पहिल्या दोघांची बेरीज ६५,५३६ आणि शेवटच्या दोघांची वजाबाकी १: ही पहिली मांडणी. पहिल्या दोघांची वजाबाकी ६२,२६४ आणि शेवटच्या दोघांची बेरीज २०,४४९: ही दुसरी. १०,२२५ आणि १०,२२४ असे अगदी लागून येतात, तिथं पहिल्यांदा हे करणारा प्रत्येक जण क्षणभर थबकतो.

उलटही जाता येतं. समजा अवयव माहीत नाहीत, पण कुणीतरी दुसरी मांडणी हातात दिली. दोन्ही मांडण्यांतले फरक घ्या: ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि २०,४४९ − १ = २०,४४८. दोघांचा मसावि ८. त्यानं भागलं की ४०९ आणि २,५५६. त्यांच्या वर्गांची बेरीज ६७,००,४१७, म्हणजे मोठा अवयव आपोआप बाहेर पडला. ४ नं भागून १ उरणारी संख्या दोन प्रकारे दोन वर्गांची बेरीज होत असेल तर ती मूळ नसतेच, आणि अवयव काढण्याची ही रीत ऑयलरचीच.

ती मूळ असल्याचा भास निर्माण करते, असं का म्हणतात?

संख्या मूळ आहे का हे पाहण्याची एक झटपट चाचणी आहे: २ चा (संख्या − १) वा घात घ्या, संख्येनं भागा, बाकी १ आली नाही तर ती नक्की मूळ नाही. फ(५) या चाचणीत उत्तीर्ण होते! २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची १; आणि फ(५) − १ = २^३२ हा ६४ च्या पटीत आहे, तेव्हा त्या घाताचीही बाकी १. इतकंच नव्हे, २ हा पाया धरून केलेल्या याहून कडक चाचणीतूनही ती सुटते. सगळ्याच फर्मा संख्यांची ही खोड आहे. २ पासून बनलेल्या संख्येला २ नंच तपासायला गेलं तर दुसरं काय होणार?

पाया ३ घेतला की लगेच उघडी पडते. १८७७ मध्ये पेपाँनं फर्मा संख्यांसाठी नेमकी कसोटी दिली. फ(५) साठी ती अशी: ३ चा वर्ग करा, फ(५) नं भागून बाकी घ्या, तिचा वर्ग करा, असं ३१ वेळा. शेवटी ४,२९,४९,६७,२९६ आलं तर संख्या मूळ, एरवी नाही. प्रत्यक्षात येतात १,०३,२४,३०३. आणखी एकदा वर्ग केला तर ३,०२,९०,२६,१६०, जिथं १ यायला हवा होता. या कसोटीची गंमत अशी, की एकही अवयव न सापडता संख्या मूळ नसल्याचा निकाल लागतो.

१/६४१ च्या दशांश रूपात काही खास आहे का?

आहे. ३२ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो:

०.००१५६००६२४०२४९६०९९८४३९९३७५९७५०३९…

पहिले १६ अंक आणि पुढचे १६ अंक एकाखाली एक मांडून बेरीज करा: सोळाच्या सोळा ९. ६४१ नं भागताना ५ × २^७ ची बाकी −१ असते, त्यावरून १० च्या १६ व्या घाताची बाकी −१ येते, आणि म्हणून हे असं जुळतं.

तिच्या आसपास मूळ संख्या कोणत्या?

आधीची ४,२९,४९,६७,२९१ आणि नंतरची ४,२९,४९,६७,३११. मधल्या १९ संख्यांत एकही मूळ नाही.

एका लहान मुलानं तिचे अवयव तोंडी सांगितले होते, हे खरं?

अमेरिकेतला झेरा कोलबर्न हा मुलगा १८१२ च्या सुमारास लंडनमध्ये तोंडी हिशेबाचे प्रयोग करून दाखवायचा. वय सात-आठ वर्षं. त्याला ही संख्या घातल्यावर त्यानं ६४१ × ६७,००,४१७ असं उत्तर दिल्याची नोंद त्या काळच्या वर्णनांत आहे.

गुप्तलेखनात तिचा उपयोग होतो का?

हिचा नाही. दोन मूळ संख्यांचा गुणाकार असला तरी एक अवयव फारच लहान, आणि दहा अंक आजच्या संगणकाला काहीच नाहीत. तिची धाकटी बहीण ६५,५३७ मात्र रोज राबते: आरएसए पद्धतीत सार्वजनिक घातांक म्हणून बहुतेक ठिकाणी तीच वापरतात, कारण द्विमान रूपात तिच्यात १ फक्त दोन आहेत आणि त्यामुळे घात काढणं स्वस्त पडतं.

पुढच्या फर्मा संख्यांचं काय झालं?

फ(६) = २^६४ + १ चा २,७४,१७७ हा अवयव लाँद्रीनं १८८० मध्ये प्रसिद्ध केला, वयाच्या ८२ व्या वर्षी. क्लाउसेननं तो १८५५ मध्येच गाऊसला पत्रातून कळवला होता, हे बरंच नंतर उजेडात आलं. फ(७) चे अवयव १९७० मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी संगणकावर काढले, फ(८) चे १९८० मध्ये ब्रेंट आणि पोलार्ड यांनी. पूर्ण अवयव ठाऊक आहेत ते फ(११) पर्यंतच.

फ(५) पासून फ(३२) पर्यंतची एकही मूळ नाही, हे सिद्ध झालं आहे. त्यांतल्या फ(२०) आणि फ(२४) यांचा एकही अवयव हाती नाही. तरी त्या मूळ नाहीत हे मात्र पक्कं. फ(३३) चा निकाल अजून लागलेला नाही, आणि तिच्यात अडीच अब्जांहून जास्त अंक आहेत. फ(४) नंतर एकही मूळ फर्मा संख्या सापडलेली नाही. फर्माचं विधान चुकलं ते थोडक्यात नव्हे, बहुधा जितकं चुकता येईल तितकं.

प्रोग्राममध्ये २^३२ + १ काढल्यावर उत्तर १ येतं. का?

३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ बसते. फ(५) ला ३३ बिट लागतात. सर्वांत डावीकडचा १ गळून पडतो आणि उजवीकडचा उरतो. ६४ बिटांचा प्रकार घ्या.

आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ६४१ नं भाग जातो हे तपासता येईल का?

येईल. ६५,५३६ ला ६४१ नं भागा: बाकी १५४. १५४ चा वर्ग २३,७१६. त्याला ६४१ नं भागा: बाकी ६४०. त्यात १ मिळवा.